नागनाथची कोरी पाठ

सोनाबाईच्या घरी केबल आलं तवापासून दुपारची कामं उरकली का आमी चार बाया तिच्या ओसरीत टीव्हीपुढं बसतो. परवा तिनं बटनं दाबता दाबता कुस्ती लावली. कुस्ती कसली, तेल चोपडलेले दोन गोरे रेडे, त्यातल्या एकाच्या तोंडावर रंगीत फडकं, अन् भोवताली बोंबलनारे लोक. फडकंवाल्यानं दुसऱ्याच्या पाठीत खुर्ची हानली. सोनाबाई खी खी हासली अन् म्हने, "तारा, तुहा नागनाथ असाच हरला होता नाई वं बेल्याले?"

मी उठली अन् टीव्ही बंद केला. तिच्या घरचा टीव्ही होता, तरी केला.

"पुन्हा म्हन," मी म्हन्लं.

"अवं, मी आपलं सहज..."

"सहज नाई. तू तवा आपल्या गावात सून म्हनून आलीच नव्हती. तुले ज्यानं सांगतलं त्यानं अर्धं सांगतलं. माहा भाऊ जिंदगीत एकदाच हरला. नव्वद साली, पांढरकवड्याच्या पहिलवानाशी, मातीत, दिवसाउजेडी. तवा तो पाठीची माती न झटकता, अंगात सदरा न घालता, अख्ख्या गावातून चालत घरी आला अन् रोजच्यापेक्षा दोन भाकरी जास्त खाल्ल्या. बेल्याचं त्याच्या दोन वर्सं आधीचं हाय. तिथं कोन हरलं ते मी सांगते. चहा ठेव. अन् मधात बोलू नको."

तिनं चहा ठेवला. माहा आवाज चढला का गावात कोनी मधात बोलत नाई.

आता पहिल्यापासून सांगते. आमी दोघंच बहीन-भाऊ. मी मोठी, नागनाथ माह्याहून सहा वर्सानं लहान. माय-बाप लवकर गेले. माहं लगन जैनथकडं झालं होतं. नवरा हात उचले. तिसऱ्या दिवाळीले नागनाथ मले आनाले आला, माह्या गालाकडं पाह्यलं, अन् सासऱ्याले म्हने, "मामाजी, अक्का आता परत येनार नाई." बस, इतकंच बोलला. मले गाडीत बसवलं अन् बैल हाकलले. एकोनीस वर्साचं पोट्टं होतं ते. गावानं मागून लय तोंडं वाकडी केली, नवऱ्याले सोडून आली म्हने, पन त्याच्यापुढं बोलाची कोनाची छाती नव्हती. मले कोनी विचारलं का तुहं जगात कोन, तं मी त्याच्याकडं बोट दाखवत होती. आजबी दाखवते.

नागनाथ पहिलवान. आमचा वस्ताद डोमाजी, म्हातारा, कडू कारल्यावानी मानूस. देवळामागं त्याचा आखाडा. आपली जमीन काळी, कापसाची, ती कुस्तीले चालत नाई, अंगाले चिकटते अन् उन्हाळ्यात तडकते. म्हनून आखाड्याच्या हौदातली तांबडी माती उटनूरच्या रानाकडून गाडीनं आनलेली. त्या मातीत तेल, हळद, ताक घालून तिले मऊ ठेवा लागते. ताक माह्या घरचं. दर आठवड्याले एक घागर मी आखाड्याच्या भितीपाशी नेऊन ठेवाची अन् भितीवरून डोकावून पाह्याची. आत पाय ठेवाचा नाई. बाईमानसानं हौदात पाय ठेवाचा नाई, हा डोमाजीचा कायदा. मीबी अकरा वर्सं तो पाळला.

कुस्तीत हारजीत कशी ते आपल्याकडं लेकरालेबी ठाऊक हाय. दोनी खांदे मातीले टेकले का संपलं. घंटा नाई, मोजनी नाई. पाठीवर माती दिसते, कोनाले विचाराचं काम नाई. जो जिंकला तो लगेच सोडते, उठते अन् वस्तादाच्या पाया पडते. अकरा वर्सं नागनाथच्या पाठीले कोनाले माती लावता आली नाई. लोक त्याले कोऱ्या पाठीचा नागनाथ म्हनत. अन् बेल्याच्या जत्रेचा रिवाज असा, का शेवटची कुस्ती, मानाच्या नारळाची, ती कोऱ्या पाठीवाल्याचीच. त्या सालात ज्याची पाठ कुठंबी लागली, त्याचं नाव शेवटच्या जोडीत घेत नाईत. जत्रेच्या सगळ्या पंचाईमधी बाबाराव मोठे. त्याईचा शब्द शेवटचा.

अठ्ठ्याऐंशी साल. संक्रांत होऊन गेली होती, सोमवारी जत्रेची कुस्त्यांची दंगल होती. त्याच आठवड्यात बेल्याच्या बाजाराच्या मैदानात एका सेठचा तंबू लागला. फ्री-स्टाइल कुस्ती, टिकीट लावून. सेठ कुठचा होता देव जाने, हिंदी बोले, मधात तेलुगू घुसवे. पांढरा सफारी, हातात माईक. त्याच्याजवळ एक पहिलवान होता, तोंडावर काळं फडकं बांधलेला. त्याचं नाव म्हने काला तूफान. जो कोनी त्याच्यापुढं उभा राहीन त्याले इनाम. सकाळ झाली का सेठची जीप लौडस्पीकर लावून गावोगाव फिरे.

तिसऱ्या दिवशी जीप आपल्या पारापाशी थांबली. सेठ माईकमधून म्हने, "है कोई माई का लाल? या इधर के मर्द चूड़ियां पहनते हैं?"

नागनाथ अंगनात कापसाची गाडी भरून राह्यला होता. त्यानं डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं.

डोमाजी पारावरच बसला होता. म्हने, "नागनाथ, जाऊ नको. तो खेळ हाय, कुस्ती नाई. तिथं माती नाई, गादी हाय."

"गादी असो का दगड असो वस्ताद," नागनाथ म्हने, "टेकली तं पाठच टेकनार ना."

इथंच तो चुकला, सोनाबाई. माहा भाऊ भोळा. त्याले वाटलं, जग कुठंबी जा, दोन खांदे टेकले का कुस्ती संपते.

शनिवारी चार वाजताच्या खेळाले आमी गेलो. तंबूच्या मधात फळ्यांचा ओटा, त्यावर गाद्या, गाद्यांवर हिरवी ताडपत्री, चार कोपऱ्याले बल्ल्या अन् दोरं. बायाईची जागा एका बाजूनं. पहिल्या रांगेत खुर्चीवर बाबाराव पान चघळत बसले होते. मी अशी जागा धरली का मले सगळं दिसावं.

नागनाथ वर चढला, वाकला, अन् माती शोधू लागला. खाली नुसती ताडपत्री. त्यानं तिलेच हात लावला अन् कपाळाले लावला. कोनी तरी फिदीफिदी हासलं. मंग तो काला तूफान आला. हातापायानं दांडगा, काळी चड्डी, फडकं कपाळापासून नाकापर्यंत. पन कान बाहीर होते. मी त्या कानाकडं पाह्यलं अन् पाहतच राह्यली. मोडलेले कान होते. चिंबून, सुजून, वाळलेल्या अद्रकीवानी झालेले. नागनाथचा डावा कान तसाच हाय, डोमाजीचे दोनी. मातीत वर्सानुवर्सं डोकं घासल्याबिगर तसे कान होत नाईत. मी मनात म्हन्लं, हा तं आपल्यातला दिसते.

खेळ सुरू झाला तसा तूफान ओरडाले लागला. छाती बडवे, दोर धरून हलवे, नागनाथनं नुसता हात लावला तं कोलमडून पडे अन् पुन्हा उठे. आदिलाबादवरून आलेले लोक "कोट्टु! कोट्टु!" करत होते, म्हनजे हान, हान. अन् नागनाथ आपला त्याच्याकडं पाहून राह्यला, का या मानसाले झालं काय. मले हासू आलं, खरं सांगते.

मंग नागनाथनं त्याचं मनगट धरलं, खाली बसला, अन् त्याले आडवा खांद्यावर घेतला. कलाजंग म्हन्तेत त्या डावाले. रोज कापसाचं गाठोडं उचलावं तसा उचलला अन् टाकला. धप्प. दोनी खांदे ताडपत्रीवर. पाठ अशी सपाट टेकली का खालच्या फळ्या वाजल्या. मी पाह्यलं. डोमाजीनं पाह्यलं. बाबारावनं पाह्यलं, पान चघळाचं थांबवून पाह्यलं.

नागनाथनं सोडला. उठला. डोमाजी ज्या बाजूनं उभा होता तिकडं तोंड करून, दोराजवळ, पाया पडाले वाकला. त्याच्या हिशोबानं कुस्ती संपली होती. कोनाच्याबी हिशोबानं संपली होती!

पन पट्ट्यापट्ट्याचा सदरा घातलेला त्याईचा पंच गादीवर हात आपटून आत्ताशी "एक" म्हन्ला होता. त्याईच्यात म्हने तीन मोजेपर्यंत दाबून ठेवा लागते. आमाले कोनी सांगतलं? कोनीच नाई. तूफान उठला अन् उभा राह्यला. हे मी माह्या डोळ्यानं पाह्यलं, तो उभा राह्यला अन् त्यानं काहीच केलं नाई. मंग सेठनं दोराखालून लोखंडी खुर्ची सरकवली अन् दात खाऊन काही तरी म्हन्ला. तूफाननं खुर्ची उचलली अन् माह्या वाकलेल्या भावाच्या डोक्यात हानली.

नागनाथ तोंडावर पडला. तूफाननं त्याले पायानं उलटा केला, अंगावर बसला. एक, दोन, तीन. घंटी वाजली. अन् लौडस्पीकरवर सेठ: "नागनाथ पहलवान चित! चारों खाने चित!"

माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी चप्पल काढून पुढं घुसली, पन बायाईनं मले धरून ठेवलं. मले अजून त्या बायाईचा राग येते.

तंबूबाहीर बाबाराव हात धूत होते. मी म्हन्लं, "काका, तुमी पाह्यलं ना? पहिले पाठ कोनाची लागली?"

"पाह्यलं पोरी," ते म्हने. "पन लौडस्पीकरवर आजूबाजूच्या सगळ्या गावाईनं आयकलं. आता सोमवारी त्याले शेवटच्या जोडीत उभा केला, तं लोक म्हनतीन, पंचानं आपल्या मानसाची हार लपवली. त्याची कोरी पाठ गेली. रिवाज तो रिवाज."

"लौडस्पीकरवर गेली ना? तं लौडस्पीकरपुढंच परत आनते."

"कशी आननार?"

"ते मी पाहीन. तुमी उद्या चारच्या खेळाले याच खुर्चीवर येऊन बसा," मी म्हन्लं अन् चालाले लागली. कशी आननार ते मलेबी ठाऊक नव्हतं.

घरी नागनाथ ओसरीत बाजेवर निजला. डोक्याले पट्टी. जखमेचं मले काही वाटलं नाई, अशा जखमा लय पाह्यल्या. पन त्यानं सदरा घातला होता. सोनाबाई, तो मानूस थंडीत, पावसात, घरात कधी सदरा घालत नव्हता. तो सदरा घालून, गुंड्या लावून, पाठ बाजेले चिकटवून, वर छताकडं पाहत पडला होता. कूसबी बदलेना. पाठ कोनाले दिसू नये म्हनून.

"नागनाथ, तू हरला नाई," मी म्हन्लं.

"जाऊ दे अक्का."

"काऊन जाऊ दे?"

"पाठ टेकली ना माही. कशीबी टेकली, टेकली ना."

मले रडू आलं. मी चुलीपुढं जाऊन रडली, त्याच्यापुढं नाई.

रविवारी सकाळी उठून मी मोठी टोपली घेतली अन् आखाड्यात गेली. डोमाजी एकटाच, फावड्यानं हौदातली माती वरखाली करून राह्यला होता. मले भितीपाशी थांबलेलं पाहाची त्याले सवय. मी थांबली नाई. दारातून आत गेली अन् हौदाच्या काठावर उभी राह्यली.

"तारे!" तो ओरडला. "पाय मागं घे!"

"वस्ताद, मले टोपलीभर माती पाह्यजे."

"मी देतो. तू हौदात पाय ठेवू नको. बाईमानसाचा पाय लागला तं माती बाटते."

झालं. आदल्या दिवसापासून दाबून ठेवलेलं सगळं बाहीर आलं. "बाटते? या मातीत ताक कोनाचं? हळद कोनी कुटली? अकरा वर्सं दर आठवड्याले घागर कोन आनत होतं, माह्या नवऱ्याचा बाप? माहं ताक चालते, माही हळद चालते, अन् पाय चालत नाई? काल तुमच्या चेल्याले खुर्चीनं हानलं तवा तुमी मर्द मानसं काय करत होते? मूग गिळून उभे होते ना? मंग आता मले कायदा सांगू नका!"

अन् मी हौदात उतरली. दोनी पायानं. थंडगार, मऊ माती, घोट्यापर्यंत पाय गेला. अकरा वर्सं जिले ताक पाजलं ती अशी लागते हे मले त्या दिवशी कळलं. मी खाली बसून हातानं टोपली भरली. मी वर पाह्यलं तं म्हातारा फावड्यानं एक घमेलं भरून राह्यला होता.

"टोपलीभर मातीनं काय होते," तो पुटपुटला. "दुसरं मी घेतो."

बेलं दोन कोस. मी पुढं टोपली घेऊन, मागं डोमाजी घमेलं घेऊन. वाटेत शेतात कापूस वेचनाऱ्या बाया विचारत, "काय वं तारा, माती घेऊन कुठी?" मी म्हने, "तंबूत. याचं असन तं या." काही हासल्या, काही खरंच आल्या. बेल्यात पोचेपर्यंत मागं वीस-पंचवीस मानसं झाली होती.

दारावरच्या टिकीटवाल्यानं अडवलं. "माती अंदर नहीं."

"माहं टिकीट काढलं हाय," मी म्हन्लं. "मातीचंबी काढू का?"

मागचे हासले. तो बाजूले झाला.

आत तंबू गच्च भरला होता. बाबाराव पहिल्या रांगेत, त्याच खुर्चीवर. आले होते बरं, शब्द मोडला नाई मानसानं. सेठ ओट्यावर माईक घेऊन, तूफान त्याच्या बाजूनं छाती बडवत. सेठ म्हने, "कल आपने देखा, आपका नागनाथ..." अन् मी टोपली डोक्यावर धरून सरळ पायऱ्या चढली, दोराखालून वाकून आत गेली अन् टोपली त्या हिरव्या ताडपत्रीवर पालथी केली. त्यावर डोमाजीनं खालून दिलेलं घमेलं. तांबडा ढीग पडला, हळदीचा अन् ताकाचा वास सुटला.

"ए बाई! पागल है क्या? गद्दी खराब कर दी!" सेठ माईकमधूनच ओरडला. मंग लोक हासून राह्यले हे पाहून त्याले चेव आला. "देखो भाई, भाई हार गया तो बहन आई! बहनजी, कुश्ती लड़ोगी?"

"लढली असती," मी म्हन्लं. "तुह्यासारखे दोन मी एका हातानं उचलते. पन मले तुह्याशी बोलाचं नाई, याच्याशी बोलाचं हाय."

मी तूफानकडं वळली. हिंदी मले येते कामापुरती, पन मी मराठीतच बोलली. त्याचे कान पाहून मले खातरी होती.

"बावा, तुहं नाव मले ठाऊक नाई, तोंडबी ठाऊक नाई. पन तुहे कान पाह्यले मी. असे कान गादीवर मोडत नाईत. तूबी कोन्या वस्तादाचा चेला हायस. कोन्या गावच्या मातीत तूबी लोळला हायस, कोन्या मायनं, बहिनीनं त्या मातीत ताक ओतलं असन. ही आमच्या आखाड्याची माती. हिच्यावर हात ठेवून सांग. काल माहा भाऊ वाकाच्या आधी तुही पाठ टेकली होती का नाई? हौ तं हौ म्हन, नाई तं नाई म्हन. तू नाई म्हन्लास तं मी टोपली उचलून गुमान घरी जाईन."

मागं एक लेकरू रडत होतं, त्याच्या तोंडावर मायनं हात ठेवला.

तूफान हलला नाई. मातीचा एक लोट घसरत त्याच्या पायापाशी गेला होता. त्यानं खाली पाह्यलं. मंग तो वाकला, बोटानं माती उचलली अन् कपाळाले लावली. काळ्या फडक्यावर तांबडा डाग. मले नाई वाटत त्यानं ते ठरवून केलं, हाताची सवय होती ती.

"मी म्हन्लं नव्हतं?" डोमाजी खालून ओरडला. मेल्यानं काही म्हन्लं नव्हतं. "मातीतला गडी हाय हा!"

सेठनं माईकवर हात ठेवला अन् दात खाऊन बोलला, पन मी दोन हातावर उभी होती, मले आयकू आलं. "एक शब्द बोला तो आज से तेरी छुट्टी. भूखा मरेगा."

तूफान एक शब्दबी बोलला नाई. त्यानं ढिगात हात घातला, मूठ भरली, अन् ती मूठ मागं नेऊन आपल्या उजव्या खांद्यावर थापली. घामानं माती चिकटली. मंग दुसरी मूठ, डाव्या खांद्यावर. हात पोचत नव्हता तिथं उलट्या हातानं घासली. मंग तो लोकाईकडं पाठ करून उभा राह्यला. बाबारावच्या बाजूले. मंग फिरला, बायाईच्या बाजूले. मंग आदिलाबादवाल्याईच्या, मंग चौथ्या बाजूले. चारी बाजूच्या लोकाईनं त्याच्या दोनी खांद्याची माती पाह्यली.

अवं, काय गलका झाला म्हनून सांगू! खुर्च्या उडाल्या, टोप्या उडाल्या. तेलुगूवाल्याईले आमची भानगड काय ते ठाऊक नव्हतं, पन पाठीची माती त्याईलेबी वाचता येते, तेबी ओरडत होते. सेठ माईकमधून "ये ड्रामा है, ड्रामा है" करत होता, त्याचं कोन आयकते. मी दोराजवळ गेली अन् खाली बोट केलं.

"बाबाराव काका! दिसली का माती?"

ते उठून उभे राह्यले. "दिसली पोरी," ते म्हने. "उद्याची शेवटची जोड नागनाथची."

सेठच्या हातात माईक उघडाच होता. बाबारावचा तो शब्द बाजारभर घुमला. मी म्हन्लं होतं ना, लौडस्पीकरपुढंच परत आनते म्हनून!

घरी पोचाच्या आधी बातमी पोचली होती. नागनाथ अंगनात दगडावर बसून आंघोळ करत होता, उघडा, पाठ रस्त्याकडं करून. मले पाहून म्हने, "अक्का, जरा पाठ चोळून दे." मी दिली. पाठ चोळता चोळता मी लय रडली, अन् या वेळेस लपवलं नाई. दुसऱ्या दिवशी शेवटच्या जोडीत काय झालं ते गावाले पाठ हाय, मी सांगाची गरज नाई. नारळ अजून देव्हाऱ्यात हाय.

पन एक सांगाचं राह्यलं.

त्या रविवारी मी तंबूबाहीर टोपली झटकत होती. थोडी माती मी परत भरून आनली होती, सगळी काऊन सोडू त्या सेठसाठी? तवा मागून कोनी तरी म्हन्लं, "अक्का."

तो होता. फडकं अजून तोंडावर, हातात एक पत्र्याची पेटी. आतून सेठच्या शिव्या आयकू येत होत्या. मराठीच बोलला, परभनीकडची असावी.

"काल मारलं, ते चुकलं माझं," तो म्हने. "त्याच्या डोक्याला लई लागलं का?"

"लागलं," मी म्हन्लं. "पन डोकं बरं होते."

मंग त्यानं माह्या टोपलीकडं पाह्यलं. "मूठभर माती देता का?"

त्यानं पेटी काखेत दाबली अन् मी दोनी हातानं त्याच्या ओंजळीत माती टाकली. ती मुठीत धरून तो मोटार स्टँडच्या रस्त्याले लागला. बाजारातून, लोकाईच्या मधातून. पाठ उघडीच, खांद्यावरची माती तशीच. सदरा खांद्यावर टाकता आला असता, टाकला नाई. दहा-वीस पावलं गेल्यावर त्यानं तोंडावरचं काळं फडकं ओढून काढलं, त्यात ती माती ठेवली, गाठ मारली. मागं वळून पाह्यलं नाई.

म्हनून सांगते सोनाबाई, लाव आता तुहा टीव्ही, पाह्य तुहे मास्कवाले. त्या गड्याचं तोंड मी आजवर पाह्यलं नाई. पाठ पाह्यली हाय.